सेपाचा चाटू

"अगं ढवळ की! हात काय देवाला जोडून बसलीस?"

तेबानच्या अंगणातून हा ओरडा आला तेव्हा मी चुलीवर भात टाकत होते. दुसऱ्या दिवशी सान इसिद्रोची, आमच्या वाडीच्या संताची, जत्रा होती. आमच्या वाडीत जत्रेच्या आदल्या दिवशी उजाडताना डुकरं कापतात, त्यामुळे त्या सकाळी कोंबड्यांचं आरवणं कोणाला ऐकूच येत नाही. हात पुसत मी कुंपणाशी आले. तेबानने दोन डुकरं आणली होती. त्यातलं पहिलं कापून झालं होतं आणि त्याच्या धाकट्या सुनेपुढच्या परातीत रक्त दह्यासारखं विरजून बसलं होतं. सून रडायच्या बेताला आली होती.

"गेलं वाया," तेबान म्हणाला. "आता दिनुगुआन कशाचं करू? माझ्या कपाळाचं?"

"सेपाला बोलवा ना," त्याची बायको म्हणाली.

"ती नाही यायची," मी कुंपणावरून सांगितलं. "आज तिची लेक जेवायला येतेय. यंदा परात धरणार नाही असं तिनं आठवडाभर सांगितलंय सगळ्यांना."

माझं बोलणं संपतंय तोवर सेपा रस्ता ओलांडून आलीच. केस मोकळे, दोन पायांत दोन वेगळ्या चपला आणि हातात तिचा तो पेरूच्या लाकडाचा चाटू.

"काय गं, तू तर संन्यास घेतला होतास?" तेबान म्हणाला.

"तोंड आवर तुझं. मुकं जनावर जिवानिशी गेलं आणि तुम्ही त्याचं रक्त मातीत घालताय. सरक गं पोरी."

तिनं दुसऱ्या परातीत मीठ टाकलं, नीपाच्या झाडाच्या ताडीचा आंबट शिर्का ओतला, आणि दुसऱ्या डुकराच्या मानेखाली बसून चाटू फिरवायला लागली. घाई नाही, पण थांबणंही नाही. रक्त थांबलं की गोठतं, एवढंच त्यातलं शास्त्र. पण डुक्कर किंचाळत असतं, पाय झाडत असतं, आणि अशा वेळी भल्याभल्यांचा हात थबकतो. सेपाचा थबकत नसे. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, डुक्कर कोणाचंही पडलं तरी परात धरायला सेपाच. त्याबद्दल तिला रक्ताचा आणि आतड्या-काळजाचा वाटा मिळायचा, आणि संध्याकाळी तिच्या चुलीवर दिनुगुआन शिजायचं. रक्ताचं ते काळंभोर, आंबट, दाट कालवण. लहान पोरांना आम्ही ते चॉकलेटचं आहे असं सांगून भरवतो, आणि पोरं मोठी होऊन खरं कळल्यावरही खातच राहतात.

तिचं एक होतं. शिर्का घातला की उकळी येईपर्यंत ती कोणाला भांड्याला हात लावू द्यायची नाही. "कच्चा शिर्का ढवळला की कालवण कच्चंच राहतं," म्हणायची. "उकळू दे, निवू दे त्याची आग, मग घाल चाटू." कालवणाच्या बाबतीत बाई एवढी शहाणी. लेकीच्या बाबतीत मात्र तिनं कच्चाच ढवळला.

लुमिंग तिची एकुलती एक. तिनं एलिएसेरशी लग्न ठरवलं. पोरगा सरळ, मोटारसायकली दुरुस्त करायचा, दारूला शिवायचा नाही. फक्त त्याचं घर दुसऱ्या पंथाचं, आणि त्यांच्यात रक्त खाणं वर्ज्य. आमच्याकडे रीत अशी, की लग्नाच्या दिवशी नवरीच्या आईनं आपल्या हातचं कालवण वराच्या घरी न्यायचं. सेपानं काय न्यावं? दिनुगुआनचं भलंमोठं पातेलं. मी तिला म्हटलं होतं, "अगं, ते खात नाहीत." तर म्हणाली, "माझ्या हातचं एकदा चाखतील तर देवसुद्धा माफ करेल त्यांना." त्या घरच्यांनी पातेलं नम्रपणानं घेतलं, त्यावर ताट झाकलं, आणि दाराबाहेर, चपलांच्या शेजारी नेऊन ठेवलं. त्यांचंही चुकलं नाही, दुसरं काय करणार बिचारे? पण सेपानं ते पाहिलं. पातेलं उचललं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "ज्या घरानं माझं कालवण चपलांत ठेवलं, त्या घरानं माझ्या दारी जेवायला येऊ नये."

शब्द गेला तो गेला. सात-आठ वर्षं लुमिंग आईच्या घरी जेवली नाही. बाप वारला तेव्हा आली, अंगणात उभी राहिली, पाण्याचा घोटही न घेता परत गेली. नात झाली ती सेपानं माझ्या फोनवरच्या फोटोत पाहिली. आणि या वर्षांत सेपा एकटीच्या घरात पातेलंभर दिनुगुआन शिजवत राहिली. ते थोडंसं करताच येत नाही. एकट्या माणसाचं ते कालवणच नव्हे. मग ती वाटीवाटीनं साऱ्या वाडीत वाटायची, आणि शेवटची वाटी घेऊन पायरीवर बसायची. रस्त्यानं कोणीही जाऊ दे, ओळखीचा असो वा नसो, तिची हाक ठरलेली, "या, जेवायला या!" आमच्याकडे सगळेच म्हणतात तसं. ऐकणारा हसून पुढं जातो. सेपाच्या हाकेतला फरक एवढाच, की ती खरंच बोलावत असायची.

महिन्यापूर्वी लुमिंगचा फोन माझ्याकडे आला. "काकू, आम्ही पलावानला चाललो, कायमचे. यांना तिकडं काम मिळालंय. जायच्या आधी आईकडं जेवून जावं म्हणते. जत्रेच्या दिवशी आम्हाला चालत नाही, आदल्या दिवशी दुपारी येऊ. विचारा ना तिला, चालेल का?"

मी विचारलं तेव्हा सेपा लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "चालेल का म्हणे! परक्याच्या घरी जायचंय जणू." बराच वेळ सोलतच राहिली. मग हळूच म्हणाली, "चोलेंग, ते काय काय खात नाहीत गं? मला एकदा नीट सांग."

तेव्हापासून ती वेड्यासारखी तयारीला लागली. नवं पातेलं आणलं, नवी ताटं, नवी अॅल्युमिनियमची लांब दांड्याची पळी. दिनुगुआनचं पातेलं उचलून माझ्याकडे ठेवायला दिलं, "त्याची सावलीसुद्धा नको" म्हणून. बेत ठरला कारे-कारेचा. बैलाच्या शेपटीचं मांस, केळफूल, वांगी, चवळीच्या शेंगा, आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या नि तांदळाच्या कुटाचा दाट रस्सा, वरून शेंद्रीचा केशरी रंग. त्यात रक्ताचा संबंधच नाही. आता सांगा, इतकं सगळं सोवळ्यात चाललेलं असताना तिनं त्या सकाळी तेबानकडे जायला नको होतं. पण कानावर "गोठलं, गोठलं" पडलं आणि तिचा हात ऐकेना. माणसाला जी एकच गोष्ट येते ती करायला कोणी हाक मारली, की त्याच्यानं घरात बसवत नाही.

परात भरली तशी ती उठली. तेबानच्या बायकोनं वाटा काढायला घेतला.

"मला नको. तुझ्या सुनेला दे," सेपा म्हणाली. "आज माझ्या घरात थेंबसुद्धा नको."

केळीच्या पानानं चाटू पुसत ती लगबगीनं घरी गेली. मागोमाग मीही गेले, शेंगदाणे कुटायला. पाहते तर ही मोरीत बसून कालामांसी लिंबांनी हात घासतेय, कोपरापर्यंत.

"अगं, कातडी सोलशील."

"वास गेला का बघ." तिनं हात माझ्या नाकाशी धरले. "खरं सांग हं."

"आता लिंबाचं लोणचं झालीयेस नुसती," मी म्हटलं, तेव्हा कुठं हसली.

दुपारी रस्सा आळत आला. कारे-कारे मोठं नाठाळ, घटकाभर दुर्लक्ष केलं की बुडाला धरतं. मी बाहेर ताटं मांडत होते, आणि तेवढ्यात रस्त्यावर तीनचाकीचा भोंगा वाजला. आतून सेपा "आले! आले!" ओरडली. काहीतरी खणकन पडलं, आणि ती धावत बाहेर आली. कपाळावर घाम, गालाला शेंगदाण्याचं कूट.

लुमिंग अंगणात थांबली होती, बापाच्या मयताला जिथं उभी होती तिथंच. अंगानं भरली होती, पण उभं राहणं तेच, एका पायावर भार देऊन. आधी नातच पुढं आली, केझिया, सहा वर्षांची, समोरचे दात पडलेली. तिनं रीतीप्रमाणं आजीचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. सेपा हात मागं घेत होती, पोरीनं सोडला नाही.

"आजी, तुझ्या हाताला लिंबाचा वास येतो."

"येतो ना?" सेपा म्हणाली, आणि डोळे पुसायला लागली. "आत या. उन्हात काय उभे राहिलात? काळे पडाल."

"काळीच आहे मी, तुझ्यावर गेलीय," लुमिंग म्हणाली. मग त्या दोघी हसल्या आणि मला वाटलं, चला, सुटली गाठ.

टेबलावर भात, सेपानं लगबगीनं भरून आणलेला कारे-कारेचा मोठा वाडगा, खारवलेल्या जवळ्याची चटणी, तांदळाचे वाफवलेले पुतो, टोमॅटो. एलिएसेरनं खुर्ची ओढून आधी सासूला बसायला दिली, पण ती कुठली बसतेय! "चटणी अजून आणते" म्हणत आत गेली. मी पाणी घ्यायला तिच्या मागं गेले.

ती चुलीपुढं खिळल्यासारखी उभी होती. पातेल्यात चाटू उभा होता, तो जुना, पेरूच्या लाकडाचा. नवी पळी जमिनीवर पडली होती, दांडा तापून हातातून सुटलेली. रस्सा करपायला आला, भोंगा वाजला, आणि तिचा हात सवयीनं भिंतीवरच्या चाटूच्या खिळ्याकडं गेला होता. वाडगा भरतानाही त्या घाईत तिच्या लक्षात आलं नव्हतं. चाटूच्या दांड्याला, जिथून तो पसरट होतो तिथं, सकाळचा काळपट डाग अजून होता. खालचा भाग तर रश्श्यात बुडालेला.

"धुतला नव्हता?" मी पुटपुटले.

"पुसला होता. तूच बघितलंस." ती डागाकडंच बघत होती. "मग धुवू म्हटलं, चोलेंग."

मी दाराकडं पाहिलं. बाहेर एलिएसेर डोळे मिटून प्रार्थना म्हणत होता. आवाज लहान होता त्याचा. या घराबद्दल, या आईच्या हातांबद्दल तो देवाचे आभार मानत होता.

"हे बघ," मी तिचा दंड धरला. "नखाएवढं काही लागलं असेल. देव काय भांड्यात डोकावत बसलाय का? कोणाला कळतंय? चटणी घे आणि बाहेर चल. इतक्या वर्षांनी आलीय पोर. पुन्हा कधी येईल, कोण जाणे."

तिनं चटणीची वाटी उचलली. मला वाटलं ऐकलं तिनं. दारापर्यंत ती गेली. प्रार्थना संपली होती, लुमिंगनं लेकीच्या भातावर रस्सा वाढला होता आणि पोरीनं चमचा भरून फुंकर मारायला घेतली होती.

"थांबा," सेपा म्हणाली.

चमचा हवेतच राहिला.

"खाऊ नका ते." तिनं वाटी टेबलावर ठेवली, दोन्ही हात पोटाशी धरले. "सकाळी तेबानकडं गेले होते मी. रक्त ढवळलं. तोच चाटू मी या कालवणात घातला. पुसला होता, पण धुतला नव्हता. मुद्दाम नाही गं, लुमिंग, तुझ्या बापाची शपथ. हात गेला."

बाहेर कोणाच्या तरी अंगणात पोरं फटाके उडवत होती. लुमिंगनं केझियाच्या हातातला चमचा काढून घेतला.

"सांगितलं नसतंस तर?" ती म्हणाली.

"तर तुम्ही जेवला असतात."

एलिएसेरनं एक रिकामं ताट उचललं आणि वाडग्यावर झाकलं. मी सेपाकडं पाहिलं. लग्नातलं ते ताट, त्या चपला, सगळं तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं असणार, कारण माझ्याही राहिलं. त्यानं वाडगा दोन्ही हातांनी धरला. सेपानं मान खाली घातली.

त्यानं वाडगा उचलला नाही. टेबलाच्या मधोमध सरकवला.

"आई," तो म्हणाला, "हा इथंच राहू दे. तुम्ही आमच्यासाठी केलंय. आम्ही भात खाऊ. बसा आता तुम्ही, किती वेळ उभ्या राहाल?"

"नुसता भात?"

"आत सुकी मासळी असेलच की तुझ्याकडं," लुमिंग उठली. "डबा कुठं असतो मला ठाऊक आहे."

ती आत गेली. बराच वेळ मासळी तळल्याचा आवाज येईना, म्हणून मी डोकावले. लुमिंगनं तो चाटू पातेल्यातून काढून, धुऊन हातात धरला होता. कितीही धुतला तरी त्या लाकडातला वास जात नाही, शिर्क्याचा आणि रक्ताचा, मुरलेला. तिनं तो नाकाशी नेला. डोळे मिटले. मग हळूच त्याच्या खिळ्यावर अडकवला आणि मासळीचा डबा शोधायला लागली. मी आवाज न करता मागं सरले.

ते जेवले. भात, सुकी मासळी, मीठ लावलेले टोमॅटो. मधोमध तो झाकलेला वाडगा होता, आणि त्याच्याभोवतीनं हात फिरत होते. केझिया म्हणाली, मासळी फार छान आहे. एलिएसेरनं दोनदा भात घेतला, मुद्दाम घेतला असावा. सेपा त्यांच्याकडे बघत बसली. तिच्या ताटातला भात तसाच होता.

ऊन उतरायला लागलं तसे ते निघाले. संध्याकाळी मिरवणुकीचे ढोल सुरू होतात, त्याआधी त्यांना जायचं होतं. लुमिंगनं आईला मिठी मारली, जराशी अवघडून. सवय राहिली नव्हती.

"पलावान फार लांब आहे का गं?" सेपानं विचारलं, जणू तिला ठाऊकच नव्हतं.

"बोटीनं जावं लागतं, आई."

"आजी, ते कालवण पुढच्या वेळी देशील?" केझियानं तीनचाकीतून विचारलं.

"देईन. तू ये फक्त."

तीनचाकी वळणाआड गेली तरी सेपा पायरीवर बसूनच होती. रस्त्यानं ढोलवाले चालले होते, पण तिनं कोणालाही जेवायला हाक मारली नाही. मी तिच्या शेजारी बसले.

"मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का गं?" ती म्हणाली.

"मला काय माहीत. मी तर गप बसले असते."

"ती पोटभर जेवली असती. पण मग दर घासाला मी तिला फसवलं असतं. माझ्या घरी जेवणं ते नव्हे." मग ती रडली. आवाज न करता, पण पुष्कळ. माझ्याजवळ देण्यासारखं एकच होतं, म्हणून मी तिला लुमिंगनं चाटूचा वास घेतल्याचं सांगितलं.

"वास घेतला?"

"डोळे मिटून."

"वास घेतल्यानं तर पाप लागत नसेल ना त्यांच्यात?"

"वासानं कसलं लागतंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जत्रेला सारी वाडी तिच्या घरी जेवून गेली. कारे-कारेचं पातेलं दुपारपर्यंत चाटूनपुसून रिकामं झालं. तेबानला काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा वाढून घेत तो म्हणाला, "सेपा, तुझा चाटू लागला की कशालाही चव येते बघ!" सेपा म्हणाली, "खा, खा," आणि आत निघून गेली.

जत्रा सरल्यावर एका सकाळी तिच्या घरातून ठोकण्याचा आवाज आला. मी गेले. चुलीजवळच्या भिंतीवर जुन्या खिळ्याला चाटू होता, तिथंच. समोरच्या भिंतीवर, खिडकीपाशी, ती दुसरा खिळा ठोकत होती. नवं पातेलं आणि ताटं राखेनं लख्ख घासून पांढऱ्या फडक्यात बांधलेली होती. त्या खिळ्याला तिनं अॅल्युमिनियमची पळी अडकवली, दोन पावलं मागं होऊन पाहिलं, आणि दांडा सरळ केला.

त्याला आता बरेच पावसाळे झाले. परात ती अजून धरते, दिनुगुआन करते, वाटीवाटीनं वाटते. हाकही मारते पायरीवरून. पलावानहून फोन येतो अधूनमधून, माणूस अजून आलेलं नाही. दर शनिवारी ती ती पळी काढते, धुते, पुसते, परत अडकवते. परवा तिच्याकडं जेवणं वाढताना एक पळी कमी पडली, म्हणून मी खिडकीकडं हात केला.

"ती नको," सेपा म्हणाली. "ती लुमिंगची आहे."